साखळीतला अकराचा तास

...ऑनलाइन. राणीच्या नावाखालची ती बारीक, फिकट अक्षरं म्हणजे ताटातल्या तांदळातला खडा. एकदा दिसला की नजर पुन्हापुन्हा तिथंच जाते. सुलाबाईंनी चष्मा वर सरकवला. दहा वाजून अडतीस मिनिटं. म्हणजे राणीचा तास अजून सरलेला नव्हता, पोरीनं या वेळी गुडघ्यांवर असायला हवं होतं, आणि ती बसली होती फोन घेऊन — सुलाबाईंना बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली, ती त्यांनी निवडलेल्या तांदळाबरोबर बाजूला सारली.

सांगलीच्या दवाखान्यात आज राहीबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यासाठी पलूसच्या चर्चच्या मंडळीनं सकाळपासून प्रार्थनेची साखळी धरली होती: एकेकानं आपापल्या घरी तासभर गुडघे टेकायचे, तास भरला की ग्रुपवर 'आमेन' लिहायचं, आणि ते वाचून पुढच्यानं सुरुवात करायची. दहा ते अकरा राणी, अकरा ते बारा सुलाबाई. खंड पडू द्यायचा नाही, असं पाळकसाहेबांनी दोनदा बजावलं होतं. राहीबाई तर चाळीस वर्षं महिला मंडळात सुलाबाईंच्याच चटईवर बसणारी सोबतीण. काल गाडीत बसताना हात घट्ट धरून म्हणाली होती, "सुले, तुज्या तासाला मी आत आसन. झोपू नगंस."

झोप कुठली यायला... सहा वर्षांपूर्वी जयराजनं, त्यांच्या मुलानं, हा फोन आणून दिला, तेव्हापासून पहाटे पाचला मंडळीच्या ग्रुपवर बायबलमधलं वचन पाठवायचं काम सुलाबाईंचं. कुणी नेमलं नव्हतं, पण ते त्यांचंच होतं. आणि गेल्या वर्षी उंब्रजहून ही राणी मंडळीतल्या दुसऱ्या एका घरात सून म्हणून आली. ती वचन लिहीत नाही, स्वतःच्या आवाजात वाचून पाठवते, पावणेपाचलाच. आवाज असा की पाळकसाहेबही रविवारच्या भक्तीत तिचं नाव घेतात. सुलाबाईंच्या वचनाला सात लाल बदाम, राणीच्या आवाजाला एकतीस. हेवाच होता तो, दुसरं काही म्हणण्यात अर्थ नव्हता. पूर्वी डोळा उघडला की आधी ओठांवर देवाला 'बापा' अशी हाक यायची. आता आधी हात उशाखाली जातो, बदाम मोजले जातात, आणि बापाला थांबावं लागतं. हे त्यालाच सांगून टाकावं असं कितीदा तरी मनात आलं — पण सांगायचं तर दोन मिनिटं गप्प बसावं लागतं, आणि दोन मिनिटांत फोन वाजतोच.

अकरा वाजले. सुलाबाईंनी चटई पसरली, गुडघे टेकले, फोन समोर ठेवला. राणीचं 'आमेन' आलं की सुरू करायचं. आलं नाही. अकरा पाच. अकरा बारा. राणी काहीतरी लिहिते आहे असं दिसायचं, मग ते पुसलं जायचं. आमेन आल्याशिवाय सुरुवात कशी करणार, नियम म्हणजे नियम... त्यांनी त्या 'ऑनलाइन'चा फोटो काढून ठेवला, जयराजनं शिकवला होता तसा, पाळकसाहेबांना दाखवायला. दाखवायला? कशाला? राही तिकडे टेबलावर, आणि मी... अकरा चाळीस झाले होते. पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तोंडून राहीचं नावसुद्धा निघालं नव्हतं.

फोन वाजला. राणीच होती.

"मावशी, मी आमेन न्हाई लिवलं. खोटं कसं लिवायचं? गुडघं टेकलं खरं, पर तासभर फोनच बघत बसले. पहाटंच्या वचनाला किती बदाम आलं ते. लय वंगाळ सवय लागलीया." तिचा तो सुरेल आवाज बसला होता. "तुमच्या तासात माज्या वाटणीचंबी मागा राहीआत्यासाठी. तुमचं मन ढळत न्हाई, मला ठावं हाय."

'माझंही तसंच झालं गं' — एवढं वाक्य जिभेवर आलं होतं. "मागते," सुलाबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

आवाज तिचा, बदाम तिचे, आणि आता कबुलीही तिनंच आधी दिली. छातीत जळजळलं. त्यांनी डोळे मिटले. बापा, राहीला... पण बापा म्हटलं की राणीचंच वाक्य कानात उमटायचं, तासभर फोनच बघत बसले, तासभर फोनच... शेवटी त्यांनी बापाला तेच सांगितलं, जसंच्या तसं, उसनं आणल्यासारखं. पुढे काही सुचेना. राहीच्या हाताची कालची पकड तेवढी आठवली, आणि त्या पकडीत किती भीती होती ते आज पहिल्यांदा कळलं.

बारा वाजले. ग्रुपवर मनुबाईंनी विचारलं होतं, पुढचा तास त्यांचा: सुलाताई, झालं का?

सुलाबाईंनी 'आमेन' लिहिलं. पाठवायच्या बाणावर अंगठा आला आणि तिथंच राहिला. त्या पोरीनं हे लिहिलं नव्हतं. न लिहिण्याचं बळ तिनं कुठून आणलं असेल... त्या बळाचा हेवा वाटत होता, अजूनही वाटत होता, पण आता तो मघासारखा जाळत नव्हता. भूक लागावी तसा लागला होता, तेच बळ आपल्यालाही हवं म्हणून.