आधी आपला फीडर

रेणुकादास फेब्रुवारीत रिटायर झाले आणि एप्रिलपर्यंत पार वैतागले. सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून चौतीस वर्षं काढलेली, तीन पाळ्यांत झोपेचं खोबरं झालेलं. वाटलं होतं, घरी बसलो की ढाराढूर झोपू. कसचं काय! अंग शिणून जायचं, पण डोळा काही लागायचा नाही.

त्यात लेक उर्वी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून आठ दिवसांसाठी औशाला आलेली. आठ दिवसांत ती बापाशी मोजून चार शब्द बोलली असेल. हाव, न्हाई, जेवले, झोपते. बाकी सगळा वेळ त्या लॅपटॉपात डोकं. आज पाचच्या गाडीनं ती नांदेडला परत निघणार होती. जायच्या आधी पोरीनं एकदा नीट बोलावं, एवढीच रेणुकादासांची इच्छा होती. रिकाम्या माणसानं एवढंही मागू नये का?

दुपारी तीनच्या सुमाराला तिनंच हाक मारली. न्हाऊन येईपर्यंत लॅपटॉपसमोर बसता का, म्हणाली. रेणुकादास हातातलं वर्तमानपत्र टाकून जवळजवळ पळतच गेले.

गेम असा होता की समुद्राच्या तळाशी तिनं चार खोल्यांचं घर बांधलं होतं. छतावर सोलरच्या प्लेटा. पाण्यातून झिरपत येईल तेवढ्या उन्हावर दिवसा बॅटऱ्या भरायच्या आणि रात्रभर त्यावर घर चालवायचं. हवेचं यंत्र, पाणी गाळायचं यंत्र, दिवे, सगळं. तिथली रात्र वीस मिनिटांची. तिची हॉस्टेलातली मैत्रीण जिक्रा तिकडं नांदेडहून याच गेममध्ये बुड्या मारत होती, त्यामुळे तो थांबवता येत नव्हता. आत्ता तिथं सूर्य बुडत होता आणि बॅटरी होती चाळीस टक्के. ती संपली की हवा बंद, आणि घरातलं माणूस गुदमरून मेलंच. प्रत्येक खोलीला एक बटण आहे, लागेल तसं बंद करा, पण सकाळपर्यंत ओढा, एवढं सांगून उर्वी टॉवेल घेऊन न्हाणीत गेली.

रेणुकादासांनी चष्मा चढवला. शीण कुठल्या कुठं पळाला. अहो, हेच तर जन्मभर केलेलं! कुठली खोली किती खाते, रात्र किती उरलीय, याचा हिशेब त्यांनी मनात बसवला आणि पहिल्या झटक्याला चौथी खोली बंद केली. त्या खोलीच्या दारावर उर्वीचं नाव होतं. आत एक पलंग, आणि काचेच्या पेटीत कसलंसं मोठं अंडं ठेवलेलं. त्यांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

नोकरीत त्यांचा तसाच नियम होता. वरून फोन यायचा, इतका लोड उतरवा. कुठला फीडर पाडायचा, म्हणजे कुठल्या भागाची लाइट घालवायची, हे ऑपरेटरच्या हातात. रेणुकादास दर वेळी आधी स्वतःच्या गल्लीचा पाडत. ऑपरेटरच्या घरी उजेड आणि आमच्या घरी अंधार, असं कुणी म्हणता कामा नये. घरात इन्व्हर्टरसुद्धा घेतला नाही त्यांनी. सबस्टेशनात घरचा फोन यायचा नाही, ही बायकोला सक्त ताकीद. दिव्याखाली अंधार म्हणून गल्ली हसायची, आणि त्या हसण्याचाच यांना लई अभिमान.

वीस मिनिटं त्यांनी पापणी लवू दिली नाही. सूर्य उगवला तेव्हा बॅटरी तीन टक्के होती. हवा क्षणभरही थांबली नव्हती. गडी खूश झाला. तेवढ्यात उर्वी डोक्याला टॉवेल गुंडाळून आली आणि स्क्रीनकडं बघतच राहिली.

पेटीतलं अंडं काळं पडलं होतं. आठ दिवस तिनं ते ऊब देऊन जपलेलं, आज त्यातून पिल्लू निघायचं होतं. खोलीची लाइट गेली तशी ऊबही गेली.

बाकी सगळं चालू ठेवलंय, असं रेणुकादास सांगू लागले, पण तिनं मध्येच थांबवलं.

"आधी माझीच खोली का, बाबा?"

"आपलं आधी बंद करायचं असतं," ते म्हणाले. त्याच अभिमानानं म्हणाले.

ती खाली बसली. आवाज चढवला नाही तिनं. ते बरं नव्हतं, चढवला असता तर सोपं गेलं असतं.

"मी सातवीत होते. आईला दमा उठला. वाफेचं मशीन लावलं आणि लाइट गेली. दीड तास मी पुठ्ठ्यानं वारा घालून राहिले होते. आईचे ओठ निळे पडले. मी फोन उचलला तर आईनं हात धरला. त्यांचा नियम हाय, म्हणली." मग म्हणाली, "आपलं आधी म्हणजे आमचं, बाबा. तुम्ही तर सबस्टेशनात पंख्याखाली होतात."

मला का सांगितलं नाही, हे रेणुकादासांच्या ओठावर आलं आणि तिथंच विरलं. कुणी सांगायचं आणि कसं, फोन तर त्यांनीच बंद केलेला. त्यांना लाज वाटली. एवढी लाज जन्मात वाटली नव्हती.

आतल्या खोलीत उर्वीची आई चंद्रप्रभाबाई वाफ घेत बसल्या होत्या. दुपारची वेळ ठरलेली. मशीनची घरघर ऐकू येत होती, ती थांबली. डोक्यावरचा पंखाही हळू होत होत थांबला. उन्हाळ्याच्या लोडपायी लाइट आता कधीही जायची. उर्वीनं बापाकडं पाहिलंसुद्धा नाही. कपाटावरचा पुठ्ठा तिनं न बघता काढला आणि आत गेली. पुठ्ठा कुठं असतो हे रेणुकादासांना आजवर ठाऊक नव्हतं.

त्यांनी मोबाइल उचलला. सबस्टेशनात आता संगप्पा होता, सहा वर्षं हाताखाली तयार केलेला, त्यांच्याच गल्लीत भाड्यानं राहणारा. साहेबांचा फोन म्हणताच पोरगं हरखलं.

"आत्ताच निरोप आला, साहेब. आपलाच फीडर पाडला आधी. तुम्हीच शिकिवलंय न्हाई का!"

शाबासकीची वाट पाहत होता बिचारा. आतून पुठ्ठ्याचा फटफट आवाज येत होता.

"ते मी चुकीचं शिकिवलं, संगप्पा," रेणुकादास म्हणाले. "कुणाच्या घरात कोण आजारी हाय, हे आधी इचारत जा. माझ्या घरी दम्याचं माणूस हाय. लिहून घे."

संगप्पा चाचरत म्हणाला, आपला चालू करायचा तर दुसरा पाडावा लागंल, मागच्या गल्लीचा.

"तिथं कुणी आजारी?"

"माझ्या माहितीत न्हाई, साहेब."

"मग पाड."

दोन मिनिटांनी पंखा फिरला, मशीन घरघरलं. मागच्या गल्लीत कुणाचा तरी कूलर बंद पडला आणि एका बाईनं ऑपरेटरला मोठ्यानं शिव्या घातल्या. रेणुकादासांनी त्या सगळ्या ऐकून घेतल्या.

उर्वी बाहेर आली. पुठ्ठा टेबलावर ठेवला. आतून तिनं फोन ऐकला होता. लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. समुद्रात पुन्हा अंधारून येत होतं.

बटणाकडं गेलेला हात रेणुकादासांनी मागं घेतला. "आधी काय बंद करू?"

"दिवे करा," ती म्हणाली, आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. पाचची गाडी गेली तर सहाची असते, म्हणाली.