टाकून दिलेले निळे छाप

एक्स-रे विभागात त्याची तीस वर्षं लोकांना “दीर्घ श्वास घ्या, रोखा” सांगण्यात गेली, म्हणून इमारतीतले सगळे त्याला श्वासरोखे म्हणत. निवृत्त झाल्यावर त्याने ठरवलं, हाडं पुष्कळ पाहिली, आता चेहरे पाहू. सुरुवात बायकोपासून, कारण ती घरातच होती आणि शिलाई मशीनवर बसली की तास तास जागची हलत नसे.

फोटो त्याने मोबाइलवरच काढला. छाप मात्र जुन्या पद्धतीने, हाताने करायचा होता. कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करायचं, ती निगेटिव्ह पारदर्शक शीटवर प्रिंट करायची, लोहाचं पिवळट द्रावण फासून वाळवलेल्या कागदावर ती ठेवायची आणि काचेखाली दाबून उन्हात धरायची. मग पाण्यात धुतलं की निळं चित्र उरतं. ऊन फक्त गॅलरीत येई आणि तिथे कपड्यांची दोरी होती. बायकोने त्याला दहा ते अकरा एवढाच वेळ दिला, तोही चादरी नसतील त्या दिवशी.

छाप धुतला की ओला असतानाच उजेडात धरून तो निकाल लावी. फिकट दिसला की मागे पेन्सिलीने ‘नापास’, आणि रवानगी टोपलीत. गडद असेल तो पास. तो टॉवेलात गुंडाळून जाडजूड पुस्तकांखाली जाई. दोन दिवसांनी काढावा, तर बायको नाका-डोळ्यांसकट शाईत बुडालेली. त्याने दोष आधी कागदाला दिला, मग प्रिंटरला. निगेटिव्ह चौदा वेळा नव्याने केली. टोपलीतले त्यातल्या त्यात बरे असतात, असं बायको एकदा म्हणाली. त्यावर त्याने तिला छायाप्रकाशाच्या पायऱ्या अर्धा तास समजावून सांगितल्या. तिने तेवढ्या वेळात दोन पडदे शिवले.

तीन महिन्यांनी वाचनालयाने प्रदर्शनासाठी पाच छाप मागितले. दाखवण्याजोगा त्याच्याकडे एकही नव्हता. त्यात नेमकं शर्टाचं बटण तुटलं. बायको बाहेर गेलेली, म्हणून दोरा शोधायला त्याने तिच्या टेबलाचा खण उघडला. रिळांखाली कागद अंथरलेला होता आणि त्यावरून ती मान वर करून त्याच्याकडे बघत होती. कपाळावरची प्रत्येक आठी, चष्म्याच्या काडीची सावली, ओठात धरलेली टाचणी, सगळं जागच्या जागी. खालच्या खणात आणखी होते. एकूण एकवीस. प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्याच अक्षरात ‘नापास’.

बायको आली तेव्हा तो जमिनीवर कागद मांडून बसला होता.

“हे टोपलीतले?” त्याने विचारलं.

“हो. कागद जाड आहे, खणात छान बसतो.”

“पण हे फिकट होते.”

“ओले असताना. रात्रभरात रंग चढतो ना. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

रिपोर्ट उद्या मिळेल, असं सांगून त्याने हजारो माणसांना परत पाठवलं होतं. स्वतःच्या छापाला मात्र पाच मिनिटं दिली नव्हती.

पाच छाप तिने दिले, पण खणांचे तळ उघडे ठेवायला ती तयार नव्हती. बदल्यात तिने त्याचे पास झालेले घेतले. त्यांच्यावर डाग दिसायचे नाहीत म्हणाली.

प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त थांबले ते डाव्या गालावर तेलकट वर्तुळ असलेल्या छापापाशी. तिथे मशीनची बॉबिन पडून राहिली होती. एका चित्रकलेच्या मास्तरांनी तर चष्मा काढून, पुन्हा लावून पाहिलं. हा परिणाम कसा साधला, असं त्यांनी श्वासरोखेला विचारलं. रसायनांवर बोलायचं म्हणून तो घसा साफ करत होता, एवढ्यात बायको म्हणाली, “मशीनचं तेल आहे ते.”

मास्तरांनी वही काढली आणि गंभीरपणे विचारलं, “किती थेंब?”

ती विचारात पडली. श्वासरोखे भिंतीला टेकून उभा राहिला आणि तिचं उत्तर ऐकायची वाट बघू लागला.