खरवडलेली कड

फावड्याने कापलेल्या मातीवर एक गुळगुळीत चकाकी राहते. पाण्याने ढासळलेल्या किंवा जनावराने उकरलेल्या मातीवर ती कधी दिसत नाही. मोठीने कुंपणाच्या आत उकिडवं बसून त्या चकाकीवरून बोट फिरवलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

वडिलांची वीटभट्टी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मागे राहिली होती माती काढलेल्या खड्ड्याची उभी कड, तिच्यापुढे ओढ्यापर्यंत पसरलेलं फुलांचं रान, आणि त्या कडेत बिळं करून राहणारी एक राखाडी माशी. जात मधमाशीचीच, पण पोळं न बांधणारी. प्रत्येक मादी आपलं बीळ एकटी खणते. ही जात आता मोजक्याच जागी उरली आहे, असं कीटकांचे अभ्यासक येऊन सांगून गेले होते. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या मोठीने मग पदरमोड करून कडेला तारेचं कुंपण घातलं, कुणी पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद दिली आणि गवत वाढू दिलं. माश्या मात्र दरवर्षी कमीच होत गेल्या.

जमीन तिच्या आणि धाकट्या भावाच्या नावावर होती. धाकट्याला ती विकायची होती. गोदामं बांधणारा एक जण केव्हाचा मागे लागला होता. मोठी ना धड हो म्हणत होती, ना नाही. धाकट्याने फारच गळ घातली तेव्हा ती एवढंच बोलून गेली होती, की माश्याच उरल्या नाहीत तर अडवून तरी काय करायचं.

थंडीनंतर ती प्रथमच कडेपाशी आली होती, आणि ते बोलणं आता तिला आठवलं. कडेच्या मधल्या पट्ट्यातलं गवत कुणीतरी मुळांसकट सोलून काढलं होतं. कुणीतरी कशाला? फाटकाची दुसरी किल्ली एकाकडेच होती.

संध्याकाळी ती धाकट्याकडे गेली. तो फरश्या बसवायची कामं घेत असे. दारामागे त्याची हत्यारं उभी होती, सगळ्यांवर सिमेंट वाळलेलं. फावडं तेवढं लखलखीत धुतलेलं. चहा पिताना तिने जमिनीचा विषय आडून आडून काढला, तर धाकटा टीव्हीवरून नजर हलवेना. भावजयीने उलट भलतंच सांगितलं.

"थंडीत यांनी महिनाभर कंबर धरली होती, ताई. म्हणे फरशी उचलताना लचकली. घरात बाजाराची पिशवी उचलत नाहीत ते."

"तू जरा गप बस," धाकटा म्हणाला, आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

मोठीने कप ठेवला आणि निघाली. पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही तिची कामावरची सवय. सुट्टीच्या दिवशी ऊन वर आल्यावर नुकसानीचे फोटो घ्यायला ती पुन्हा कडेपाशी गेली, आणि कॅमेरा तसाच हातात राहिला.

सोललेल्या पट्ट्यात जिकडेतिकडे ताजी बिळं होती. प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक मातीची रास, आणि माश्यांची सारखी येजा. आपण चुकतोय असं वाटून तिने तेवढाच तुकडा गवतात मोजून घेतला. तिथे जेमतेम दोन-चार. मग तिला उलगडलं. भट्टी चालू असताना कामगार ही कड वर्षानुवर्षं कापत. ती कायम उघडी, उन्हात तापलेली असे. माश्या नांदल्या त्या तशा मातीत. थंडीत त्यांच्या अळ्या खोल असतात, तिथवर फावडं पोचलंच नव्हतं. माश्यांचा श्वास कोंडला होता तो मोठीच्या गवताने. 

तिने फोन करून धाकट्याला बोलावून घेतलं.

"हे तू केलंस?"

त्याने आधी कानांवर हात ठेवले. तिची नजर हलेना, तशी त्याने मान खाली घातली. "केलं. तू वर्षानुवर्षं टोलवत होतीस. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

"समोर बघ."

पायांना पिवळे पराग माखलेली एक माशी त्याच्या गुडघ्याजवळ घिरट्या घालून बिळात शिरली. तिच्या मागून दुसरी. धाकटा बघतच राहिला.

"ह्या तर जायला हव्या होत्या."

"त्यांना उघडी माती लागते. मी गवत माजवलं, तू सोललंस."

त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "म्हणजे माझे आभारच मानायला हवेत की, ताई."

"काम चांगलं केलंस. पण तू मारायला आला होतास, हे मी विसरणार नाही."

हसू मावळलं. मग गोदामवाल्याला काय सांगू, आणखी थांबायला सांगू का, असं त्याने चाचरत विचारलं. या प्रश्नाला मोठीचं ठरलेलं उत्तर 'बघू' असे. धाकट्याने तेच येणार असं धरून निघायला गाडीच्या किल्ल्या खिशातून काढल्यासुद्धा.

"रस्त्याकडचा सपाट भाग तुझ्या नावावर करून घे," मोठी म्हणाली, "त्याचं काय करायचं ते कर. ही कड आणि ओढ्यापर्यंतचं फुलांचं रान माझ्याकडे राहील. ते मी विकणार नाही."