काचेची आतली बाजू

मी बोलतेय. मी म्हणजे एका गाडीची पुढची काच. खरं तर काचेनं बोलावं का, इथूनच माझी शंका सुरू होते. माझं सगळं आयुष्य स्वतः न दिसण्यात गेलं. लोक माझ्याकडे बघत नाहीत, माझ्यातून बघतात. आणि मी दिसायला लागले की समजावं, काहीतरी बिघडलंय. तसा एक दिवस माझ्या वाट्याला आला. तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म भट्टीतला. दोन पातळ काचा, मध्ये एक चिवट पारदर्शक पापुद्रा, आणि वरून असा दाब की तिघांनी मिळून एकच व्हावं. म्हणून मी तडकले तरी विखुरत नाही. अंगावरची भेग अंगावरच धरून ठेवते. हा गुण की खोड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मला घरी आणलं ते बाबांनी. जन्मभर त्यांनी दुधाचा टँकर चालवला होता. दूध कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे पाऊस कितीही असो, बाबा पहाटे रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतली, तर शेजारी म्हणाले, "आता तरी आराम करा की." बाबा म्हणाले, "आरामच करतोय. मागे दहा हजार लिटर दूध नाही, यापेक्षा वेगळा आराम कसला?"

पावसाळा जवळ आला की ते मला तयार करायचे. आधी साबणाच्या पाण्यानं धुवायचे, मग एका खरखरीत लेपानं माझ्यावरचा वर्षभराचा तेलकटपणा काढायचे, मग कोरडी करायचे. अगदी कोरडी, माझ्या कडेच्या रबरात अडकलेलं पाणीसुद्धा कापडाचं टोक घालून टिपायचे. त्यानंतर यायची ती बाटली. त्या औषधाचं बाटलीवर काहीतरी लांबलचक नाव होतं, बाबा त्याला 'पाणीपळव्या' म्हणत. ते गोल गोल चोळायचं, पांढुरकी साय धरेपर्यंत थांबायचं, आणि मग स्वच्छ फडक्यानं पुसून काढायचं. एवढं झालं की पावसाचा थेंब माझ्यावर पसरायचाच नाही. मोत्यासारखा गोळा व्हायचा, आणि गाडीनं वेग घेतला की वाऱ्याबरोबर वरच्या वर पळून जायचा.

"थेंबाला बसायला जागा द्यायची नाही," बाबा म्हणायचे. "एकदा बसला की गप्पा मारत बसतो."

कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. टॅक्सीवाले, टेम्पोवाले येऊन विचारायचे, "बाबा, वायपर फरफर करतोय, काय करू?" आणि बाबा चहा बाजूला ठेवून उठायचे.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, कडेकडेनं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, काचबिंदू. माझा काही संबंध नव्हता, तरी मला उगाच अपराधी वाटलं. कुणी सांगण्याआधीच बाबांनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली. "धर. मला आता समोरचं दिसतं, बाजूचं नाही. आणि माणसं बाजूनंच येतात."

लेकीकडे परवाना होता, पण मूल झाल्यापासून तिनं चाक धरलं नव्हतं. ही बाई म्हणजे काळजीचं गाठोडं! निघण्याआधी तीनदा आरसा नीट करणार, दोनदा मागे वळून पिल्लूचा पट्टा ओढून बघणार, आणि पिल्लू झोपलं तर लाल दिव्याला थांबल्यावर त्याच्या नाकाशी बोट नेणार. खोकल्याच्या औषधावरचा कागद ती इतक्या वेळा वाचायची की बनवणाऱ्यालाही पाठ नसेल. वर स्वतःच म्हणायची, "बाबा, मी जरा जास्तच करते ना?"

"कर. कमी करणारे खूप आहेत," बाबा म्हणायचे.

बाबा तिच्या शेजारी बसायचे आणि त्यांचं तोंड सतत चालू. "इंडिकेटर दे. मनातलं जगाला आधी कळू दे." "तो रिक्षावाला बघ, मान वळवली, आता वळणार." "हॉर्न नको, म्हातारी आहे, जाऊ दे. मीही म्हातारा आहे." ती वैतागायची, हसायची, आणि ऐकायची. वर्षभरात तिचे खांदे कानांपासून खाली उतरले. मला समोरून तिचा चेहरा दिसायचा, म्हणून सांगते. ती चांगली चालवायला लागली होती. आणि बाबांना, ज्यांना अर्धा रस्ता दिसत नव्हता, तिच्यामुळे अजूनही गाडी चालवल्यासारखं वाटत होतं.

पुढचा पावसाळा आला. बाबा म्हणाले, "मी खुर्ची टाकून बसतो, तू लाव. मी सांगतो."

"बाबा, एवढं येतं हो मला. लहानपणापासून बघतेय."

बाबांनी गेल्या वर्षीची अर्धी बाटली तिला दिली आणि ते डोळे तपासायला गेले. पिल्लू दुपारचं झोपलं होतं. तिनं सगळं काम बाबांसारखं केलं. रबरातलं पाणीसुद्धा टिपलं. मी बाहेरून लखलखत होते. आणि बाटलीत थोडं औषध उरलं.

ती आत येऊन बसली. माझ्या आतल्या बाजूकडे बघत राहिली. पावसात काचा बंद केल्या की पिल्लूच्या रडण्यानं आणि सगळ्यांच्या श्वासानं मी आतून धूसर व्हायचे, त्याची तिला फार धास्ती होती. तिनं मनाशी हिशेब केला असावा: बाहेरचं पाणी पळतं, तर आतलंही पळेल. तिनं फडकं भिजवलं आणि मला आतूनही गोल गोल चोळून काढलं. जास्त काळजी घेणाऱ्या माणसाकडूनच होईल अशी ही चूक. निष्काळजी माणूस बाहेरून लावून केव्हाच चहा प्यायला गेला असता.

मला माहीत होतं. पण काचेला आवाज एकदाच असतो, फुटताना.

दोन दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, पाळणाघरातून पिल्लूला घेऊन ती आणि बाबा घरी निघाले होते. पाऊस असा कोसळत होता की समोरच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसावेत. बाहेरून मी चोख होते. थेंब येत होते, पळत होते. पण आत तिघांचे श्वास, ओले कपडे, आणि माझ्यावर एरवी धरते तशी साधी वाफ धरलीच नाही. बारीक बारीक थेंबांची दाट खपली धरली. तिनं हातानं पुसलं, तर त्याचे चट्टे उठले. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याचं माझ्यावर शंभर तुकड्यांचं चांदणं झालं.

"बाबा, मला दिसत नाहीये."

"वेग कमी कर. काच उघड. कडेला घे, हळू..."

तेवढ्यात छत्री घेतलेला एक माणूस रस्ता ओलांडताना दिसला. म्हणजे मी त्याला दाखवला, पण फार उशिरा. तिनं ब्रेक दाबला, चाक फुटपाथवर चढलं. माणूस उडी मारून पाण्यात पडला. गुडघा खरचटला, छत्री मोडली, एवढ्यावरच निभावलं.

लोक जमले. "ओ बाई, दिसत नाही तर चालवता कशाला?" एकजण ओरडला. मागे पिल्लू टाहो फोडत होतं. तिनं गाडी बंद केली. आणि ती एकदम बाबांवर उसळली, "ती तुमची बाटली, बाबा! तुमचं खूळ!"

बाबांनी पट्टा सोडला. मग चाचपडत दार उघडून पावसात उतरले, पडलेल्या माणसाला हात देऊन उठवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिची चूक नाही. औषध मी दिलं होतं. जुनं झालं होतं, मला कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गाडीत येऊन बसली. बाटली काढली आणि पहिल्यांदा तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. ओठ हलत होते, म्हणून मलाही कळलं. 'फक्त बाहेरच्या बाजूला वापरावे. आतल्या बाजूला लावल्यास दिसण्यास अडथळा येतो.' तिनं ते तीनदा वाचलं. मग बाटली कागदात गुंडाळली आणि समोरच्या कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी खुपसली. मला साबणानं आतून घासलं. पुन्हा पुन्हा. थोडं गेलं, सगळं गेलं नाही. पाणीपळव्या साबणाला दाद देत नाही.

वाटलं, आता वर घरी जाऊन बाबांना सांगेल. नाही सांगितलं. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. तिला सांगायचं होतं, हे मी शपथेवर सांगते. लाल दिव्याला थांबली की तोंड उघडायची आणि दिवा हिरवा व्हायचा.

तोवर बाबा मागच्या सीटवर बसायला लागले होते. "पिल्लूजवळ बरा," म्हणाले. इंडिकेटर नाही, रिक्षावाला नाही, म्हातारी नाही. गाडीत इतकी शांतता की वायपरचा आवाज खुपायचा. टायरच्या दुकानात टॅक्सीवाल्यानं काही विचारलं, तर बाबा हसून म्हणाले, "मला नको विचारू रे. माझं औषध जुनं झालंय." जावई जेवताना थट्टा करतो हे मला तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळायचं. "बाबांच्या पाणीपळव्यानं आपल्यालाच पळवलं असतं," असं काहीतरी. त्यावर ती म्हणायची, "पुरे ना आता." एवढंच. 'चूक माझी होती' हे नाही.

पावसाळा सरता सरता खडीच्या ट्रकमधून एक खडा उडाला आणि माझ्या छातीत बसला. भेग चार दिवसांत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मला बदलायचं ठरलं.

काचवाल्यानं काचेला चिकटणारे रबरी चोषक लावून मला अलगद उचललं आणि लाकडी घोडीवर टेकवून उभं केलं. बाबा पुढे आले. बाहेरून माझ्यावर हात फिरवला. मग आतून. आणि त्यांचा अंगठा थांबला. पुन्हा फिरवला. नुसती काच बोटाला धरून ठेवते, औषध लावलेली काच बोट सोडून देते. दिसत नसलं तरी त्या अंगठ्याला हे जन्मभराचं ठाऊक होतं.

काचवाल्यानंही हात लावून पाहिलं. "आजोबा, हे आतून कुणी लावलं? आतून लावत नाहीत कधी."

लेक दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पिल्लू कडेवर. ती पिल्लूच्या शर्टाची लावलेलीच बटणं पुन्हा लावायला लागली.

"मीच," बाबा म्हणाले. "दिसत नाही मला. कुठली बाजू कुठली, कळलं नसेल."

काचवाला पुढच्या कामाला लागला. ती जवळ आली. "बाबा, ती बाटली... तशी काही जुनी नव्हती हो."

"जुनीच होती. मी सांगतोय ना."

तिनं खाली मान घातली. तिनं ते घेतलं. एखाद्यानं पुढे केलेलं ताट घ्यावं तसं, मुकाट्यानं. मला तिचा राग आला नाही. पिल्लूला ताप आला की आधी आपलंच काय चुकलं म्हणून स्वतःला कोसणारी ही पोर. पण एकच खरी चूक झाली, आणि ती मात्र तिला पेलेना.

नवी काच बसली. बाबांनी मागचं दार उघडलं. तिघं गाडीतून घरी निघून गेले.

मी आता काचवाल्याच्या दुकानामागे भिंतीला टेकून आहे. गाडी नाही, म्हणून मला आत नाही आणि बाहेरही नाही. पाऊस दोन्हीकडून येतो आणि दोन्हीकडून थेंब पळतात. लवकरच मला भरडायला नेतील. त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

वाईट याचं वाटतं, की बाबांना अजून थोडं समोरचं दिसतं आणि समोरची सीट रिकामी जाते. पोरी, त्यांना सगळं ठाऊक आहे, हे तुलाही ठाऊक आहे. पण त्यांनी ओळखणं वेगळं आणि तू सांगणं वेगळं. दिवा हिरवा झाला तर होऊ दे, मागचे हॉर्न वाजवू देत. 'बाबा, आतून मी लावलं होतं.' पाचच शब्द आहेत, मी मोजलेत. ते म्हण, आणि गाडी कडेला घेऊन त्यांच्यासाठी पुढचं दार उघड.