मामंजींसाठी आखलेली वाट

मामंजींनी वाट आखायचं काम धाकटीला सांगितलं, तेव्हा मी तिथेच उभी होते. हातात चार्जिंगला लावायची, डोंगरात वाट दाखवणारी यंत्रं होती. त्यांनी माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

“तूच आख,” ते तिला म्हणाले. “आणि कुठून नेतेस ते आधी सांगू नकोस. चालताना कळू दे.”

धाकटी म्हणजे माझी जाऊ. मान डोलावून हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमचं घर लोकांना डोंगरात फिरवून आणण्यावर चालतं. नवरा आणि दीर माणसं घेऊन वर जातात आणि खाली दुकानात बसून वाटा आखते मी. कम्प्युटरवरच्या नकाशावर एकेक टिंब ठेवायचं, चढ किती, पाणी कुठे, दमलेल्या माणसाला टेकायला जागा कुठे ते पाहायचं, मग ती वाट तार जोडून मुठीएवढ्या यंत्रात पाठवायची. वाट सोडली की यंत्र हातातल्या हातात ओरडतं. हे सगळं धाकटीला शिकवलं कोणी? मीच.

आणि ती काय करते? यंत्रात एक सोय आहे. किती चालायचंय तेवढं सांगितलं की ते स्वतःच फेरी काढून देतं. धाकटी ती फेरी घेते, दोन टिंबं इकडची तिकडे करते, ‘चढ टाळा’वरची खूण काढून टाकते आणि हात झटकून मोकळी होते. आणि वर तिच्या वाटेवरून आलेली माणसं लालबुंद, खुललेल्या चेहऱ्यांनी दुकानात शिरतात आणि विचारतात, ही वाट कोणी आखली हो? माझ्या वाटांवरून आलेले कधी विचारत नाहीत. ते सुखरूप येतात, चहा पितात, घरी जातात.

पण गिऱ्हाइकांचं सोडा. हे मामंजी होते. हा धंदाच त्यांनी उभा केला. पुढे गुडघे गेले आणि ते खिडकीतल्या खुर्चीला खिळले. त्यांच्या डोळ्यांदेखत मागच्या डोंगराची दरड कोसळली, जुन्या वाटा बुजल्या, नव्या निघाल्या, आणि त्यातली एकही त्यांच्या पायाखालून गेली नव्हती. शेवटी गुडघे बदलले. हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी मी होते. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा ते लहान मुलासारखे रडले, तेव्हा धरायला मी होते. संडासापर्यंत हाताला धरून नेलं ते मीच. धाकटी संध्याकाळी यायची, खुर्चीत बसून डोंगराच्या गप्पा मारायची आणि जायची.

आता डॉक्टरांनी एकट्याने चालायची परवानगी दिली, तर पहिली वाट आखायची कोणी? तिनेच!

तिने आखली आणि सकाळीच यंत्रात घालून टाकली. दुपारी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि मी कम्प्युटरपुढे बसले. म्हटलं, आपणही एक आखू. यंत्रात दोन्ही दिसू देत, मग ते ठरवतील कुणाची घ्यायची. मला खात्री होती. इतका जीव लावून मी आजवर एकही वाट आखली नव्हती. चढ जवळजवळ नाहीच. दर वळणावर बाक. कुठेही पाय लटपटले तर गाडी नेता यावी म्हणून सगळी वाट रस्त्याच्या कडेकडेने. तार जोडली आणि पाठवून दिली.

आमच्याकडे वाटेला माणसाचंच नाव देतात, आम्ही आपसात त्याला हाक मारतो ते. ‘खोकणारे काका’, ‘बँकेतल्या बायका’. तसं मी ‘मामंजी’ असं नाव घातलं. तिनेही दुसरं काय घातलं असणार? आणि ह्या यंत्रात एका नावाच्या दोन वाटा राहत नाहीत. नवी आली की जुनी पुसली जाते, विचारत नाही की सांगत नाही. धाकटी कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी हे मी तिला दोनदोनदा बजावलं होतं. पण त्या दुपारी माझं डोकं ठिकाणावर होतं कुठे?

सकाळी मामंजी निघाले. “मी येऊ का थोडं लांबपर्यंत?” मी विचारलं.

“मागे शेपूट नको,” ते म्हणाले. कित्येक दिवसांनी गडी खुशीत होता.

ते परत आले तेव्हा आमचा दुसरा चहासुद्धा व्हायचा होता. घामाचा थेंब नाही. यंत्र त्यांनी धाकटीपुढे टेबलावर ठेवलं.

“हे काय आखलंस?”

“का? काय झालं?”

“शाळेच्या मागून, रस्त्याला धरून, बाक, बाक, बाक. मला वाटलं, आता वळेल वर, आता वळेल. शेवटी बघतो तर आपलंच दुकान! बाळाला गाडीत घालून फिरवतात तसं फिरवलंस मला.”

बाक ऐकले आणि माझ्या लक्षात आलं. धाकटीने यंत्र उचललं, वाट उघडली, खाली-वर करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

“चुकलं माझं, मामंजी,” ती म्हणाली. “उद्या दुसरी देते.”

मला आनंद व्हायला हवा होता. तिला बोलणी बसताना ऐकायला मी किती आसुसले होते! पण हिने ती माझ्या वाट्याची खावीत, तीही इतक्या सहज? ते मला अजिबात सोसेना. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामंजीच बोलले.

“अगं, असली वाट मला थोरलीने दिली असती. म्हणून तर तिला सांगितलं नाही.” मी समोर उभी होते तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. “तिने माझं सगळं काढलंय. मरेपर्यंत उपकार फिटायचे नाहीत. पण तिच्या लेखी मी पलंगावरून काही उठत नाही. म्हटलं, निदान तू तरी मला माणसासारखं चालवशील.”



“ती माझीच वाट आहे,” मी म्हटलं. “तिची पुसली गेली. माझ्या हातून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच बाकड्यावर बसले आणि बुटाच्या नाडीकडे वाकले. हात पोचेना. मी चटकन खाली बसले, रोजच्यासारखी, आणि नाडीला हात घातला. त्यांनी पाय मागे ओढला.

“राहू दे. जमतं मला.”

जमत नव्हतं. ते एकदा वाकले, धापा टाकत सरळ झाले, पुन्हा वाकले. धाकटीने खुर्ची फिरवली, आमच्याकडे पाठ केली आणि कम्प्युटरवर नकाशा उघडला. पहिलं टिंब तिने दुकानावर ठेवलं आणि दुसरं सरळ वर, खिंडीत. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने. मी मात्र त्या नाडीवरून नजर काढू शकले नाही. आणि त्या घटकेला मला तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आजवर कधीच वाटला नव्हता.