मास्तरणीचा डावा पाय

मास्तरणीच्या हाताखाली गाडी बंद पडत नाही, अशी तिची ख्याती होती.

गाडी चालवायला शिकवणारे त्या भागात आणखीही होते. त्यांच्या गाड्या चौकात आचके देत बंद पडायच्या, मागचे हॉर्नवर हात ठेवून बसायचे आणि शिकणारा बिचारा घामाघूम व्हायचा. मास्तरणीच्या गाडीत असलं काही नाही. शिकणाऱ्याने क्लच घाईने सोडला आणि इंजिन थरथरायला लागलं, की तिच्या बाजूला बसवलेल्या क्लचच्या जादा पेडलवर तिचा डावा पाय अलगद पडायचा. गाडी शहाण्यासारखी पुढे जायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं, वा, जमलं की आपल्याला! मास्तरीण त्याचा गैरसमज दूर करायच्या फंदात पडत नसे. पण त्या पायाचा तिला मनातून भारी अभिमान होता. नवरा म्हणायचा, "या पायाचा वेगळा विमा काढायला हवा."

गेले काही महिने तो पाय जरा जास्तच तत्पर झाला होता. बॅटरी म्हातारी झाली होती. सकाळी किल्ली फिरवली, की इंजिन आधी कण्हायचं आणि मग उपकार केल्यासारखं सुरू व्हायचं. एकदा सुरू झाल्यावर ते पुन्हा बंद पडलं, तर परत उठेल याची खात्री नव्हती. म्हणून मास्तरणीने ठरवूनच टाकलं, की बंद पडूच द्यायचं नाही. नवी बॅटरी पुढच्या महिन्यात बघू. असे पुढचे महिने बरेच आले आणि गेले.

नेमकी याच काळात तिची माणसं परीक्षेत आपटायला लागली. परीक्षक नवा होता, मिशाळ होता, चेहऱ्याने खडूस होता. सगळा दोष त्याच्या मिशांवर ढकलून मास्तरीण मोकळी झाली. पण दोनदा आपटलेल्यांत तिच्या सासूबाई होत्या आणि घरातलं अपयश मिशांवर ढकलून भागत नाही.

सासूबाई साठीला टेकल्या होत्या. गाडी शिकायचं खूळ त्यांच्या डोक्यात का आलं, हे त्यांनी घरात एकदाच सांगितलं होतं. "आयुष्यभर तयार होऊन दारात बसले," त्या म्हणाल्या होत्या. "कोणी सोडतं का मला, कोणी सोडतं का मला. आधी तुझे सासरे, मग मुलगा, मग तू. कुणी कधी नाही म्हटलं नाही, ते खरं. पण विचारायचा कंटाळा आलाय गं." त्यांची थोरली बहीण गावाबाहेर राहायची. तिकडे बस दिवसातून नावापुरती. बहिणीचे गुडघे गेले होते आणि ती तिकडे दारात बसून वाट बघायची. दोघी बहिणी दोन दारांत.

दोन्ही परीक्षांत एकच घडलं. मैदानातल्या चढावर गाडी बंद पडली आणि सासूबाई तशाच बसून राहिल्या. हात स्टिअरिंगवर, डोळे समोर. गाडी मागे घसरायला लागली, तेव्हा परीक्षकाने ब्रेक दाबला आणि कागदावर काट मारली. तिसऱ्यांदा अर्ज भरताना त्यांनी सांगून टाकलं, "या वेळी नाही जमलं तर बास. मी पुन्हा दारात बसायला मोकळी."

परीक्षा पुढच्या आठवड्यावर आलेली आणि त्या सकाळी बॅटरीने मान टाकली. किल्ली फिरवली तर नुसतं टक. पुन्हा टक. शेजारच्या टेम्पोवाल्याने आपल्या बॅटरीला वायरी जोडून गाडी कशीबशी उठवून दिली आणि मास्तरीण सासूबाईंना शेजारी बसवून थेट बॅटरीच्या दुकानात गेली. वाटेत तिने स्वतः स्टिअरिंग धरलं होतं. सिग्नललाही तिने गाडी गुरगुरत ठेवली.

दुकानात ॲसिडचा आंबूस वास भरला होता. बॅटरीवाल्याच्या शर्टाच्या बाह्यांना जागोजागी बारीक भोकं पडली होती. त्याने जुन्या बॅटरीला मीटर लावलं, काटा पाहिला आणि आजारी माणसाच्या नातेवाइकांसमोर डॉक्टर करतात तसा चेहरा केला. "हिला चार्ज करून उपयोग नाही, ताई. आतून गेलीय."

मग त्याने काउंटरवर तीन बॅटऱ्या मांडल्या.

"ही साधी. आता होती तशीच. ही मधली. हिच्या आतल्या प्लेटा जाड, सारखं सारखं स्टार्ट करणं ही झेलते. आणि ही वरची. हिच्यात ॲसिड मोकळं नसतंच, काचेच्या कापसासारख्या थरांत जिरवलेलं असतं. उलटी धरली तरी थेंब सांडणार नाही. नव्या गाड्या सिग्नलला आपोआप बंद होतात आणि आपोआप सुरू होतात ना, त्यांना हीच लागते. किंमत मात्र साधीच्या दुप्पट."

"दुपटीत ही स्वयंपाकही करते का?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तरणीने नवऱ्याला फोन लावला. नवरा चष्म्याच्या दुकानात विक्रीला होता आणि वरच्या दर्जाचा माल म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा, कारण तो स्वतः दिवसभर तोच विकायचा. "साधी घे," तो म्हणाला. "मला नको सांगूस. ओरखडा पडत नाही, धूळ बसत नाही, डोळ्यांना गारवा मिळतो, असं म्हणत मी सकाळपासून चार जणांच्या गळ्यात काचा मारल्यात. गाडी जुनी, बॅटरी साधी. विषय संपला."

मास्तरणीलाही ते पटलं. तिने पर्सची चेन उघडली.

"तुम्ही शिकवता ना?" गाडीवरची पाटी बघत बॅटरीवाल्याने विचारलं. "दिवसातून कितीदा स्टार्ट मारावा लागतो?"

"फार नाही," मास्तरीण मान ताठ करून म्हणाली. "माझ्या गाडीत बंद पडत नाही."

"मग साधी चालेल तुम्हाला. पलीकडच्या गल्लीतले शिकवणीवाले आहेत, त्यांना मी साधी देतच नाही. त्यांची गाडी दिवसभर बंद पडते. साधी बॅटरी वर्षाच्या आत खलास करतात."

मास्तरणीने विजयी चेहऱ्याने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या बॅटरीवाल्याकडे बघत होत्या.

"त्यांची माणसं पास होतात का हो?"

"होत असावीत. माझी धाकटी बहीण त्यांच्याकडेच शिकली. रोज रडत घरी यायची, इतकी गाडी बंद पाडायची. पण परीक्षेत पहिल्या फटक्यात पास."

सासूबाई सुनेकडे वळून हळूच म्हणाल्या, "अगं, मला एक सांग. गाडी बंद पडली तर काय करायचं असतं? म्हणजे पाठ आहे मला सगळं. पण मी ते कधी केलेलं नाही."

मास्तरणीने आठवून पाहिलं, तर खरंच नव्हतं केलं. एकदाही नाही. इंजिन थरथरलं की तिचा पाय पोचलेलाच असायचा. बॅटरी जपायच्या नादात तिने माणसांना पडू दिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं. परीक्षक तिच्याच जागेवर बसायचा, पण त्याचे पाय क्लचच्या त्या पेडलला शिवत नसत. तिथे सासूबाई चढावर तशाच बसून राहिल्या, त्यात नवल ते काय? ज्या पायाचा एवढा तोरा मिरवला, त्याच पायावर तिने धोंडा पाडून घेतला होता. आणि दोष मिशांना! तिला स्वतःची अशी लाज वाटली, की तिने पर्सची चेन उगाचच लावली आणि पुन्हा उघडली.

"साधी नको," ती म्हणाली. "माझी गाडी आता खूप वेळा बंद पडणार आहे."

बॅटरीवाल्याने गिऱ्हाईक ओळखलं आणि वरची बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली. "मग हीच घ्या. एकदाच काय तो खर्च."

"चला, बॉनेट बघू," मास्तरीण म्हणाली. ती त्याला बाहेर घेऊन आली आणि तिने बॉनेट उचललं. बॅटरीची जागा इंजिनाला अगदी खेटून होती आणि आतून भट्टीसारखी धग येत होती. "तुमच्या वरच्या बाईंना ही हवा मानवेल?"

बॅटरीवाल्याने हात पुढे नेऊन मागे घेतला आणि तो प्रामाणिकपणे हसला. "नाही मानवणार. तिला गरमी सोसत नाही. इथे तुमचे पैसे वाया जातील. मधली बसवा. ती उन्हातान्हातली आहे आणि बंद-चालू कितीही करा."

मधली बसली. जुनी दिल्यावर थोडी सूटही मिळाली. फोनवर नवरा हसत सुटला. "मधली! अगं, आम्हीही गिऱ्हाइकापुढे तीन काचा याचसाठी ठेवतो. महागडी बघून घाबरतो, स्वस्तातली घ्यायला लाजतो आणि मधली उचलतो. फसलीस तू!"

"या गिऱ्हाइकाला माहीत आहे मधली का उचलली ते," मास्तरीण म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चप्पल काढली आणि डावा पाय चक्क सीटवर मांडी घालून दुमडून घेतला.

"अगं, पाय!" सासूबाई ओरडल्या.

"पाय रजेवर आहे, आई. ब्रेकला उजवा ठेवलाय. पाडा बंद."

सासूबाईंनी मनापासून बंद पाडली. चौकात पाडली, वळणावर पाडली, शाळेच्या फाटकासमोर पाडली. पहिल्यांदा पडली तेव्हा त्यांचे हात थिजले. मास्तरणीचा पाय मांडीत वळवळला, पण तिने तो हाताने दाबून धरला. मागून हॉर्न वाजले. "हँडब्रेक," ती शांतपणे म्हणाली. "क्लच. गिअर मोकळा. किल्ली." बॅटरीने एका झटक्यात इंजिन उठवलं. कण्हणं नाही, उपकार नाही. पुन्हा पडली, पुन्हा उठवली. तिसऱ्या दिवशी मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर हात दाबूनच धरला, तेव्हा सासूबाईंनी आधी हँडब्रेक ओढला, मग काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "वाजवून झालं की सांगा, मग मी निघते." आणि निघाल्या.

त्या दिवशी मास्तरणीला कळलं, की गाडी बंद न पडणं ही काही शिकवणाऱ्याची शान नव्हे.

परीक्षेच्या दिवशी ती मैदानाच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. मिशाळ परीक्षक तिच्या जागेवर बसला. सासूबाईंनी आरसा नीट केला, पदर खोचला आणि गाडी काढली. वळणं झाली, आठचा आकडा झाला. मग चढ आला. अर्ध्यावर जाऊन त्यांना थांबायचं होतं आणि पुन्हा निघायचं होतं. थांबल्या. निघाल्या. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली.

कुंपणाबाहेर मास्तरणीचा डावा पाय मातीत रुतला. तिने तो इतका जोरात दाबला, की चप्पलेचा अंगठा तुटला. शेजारच्या कुणीतरी चुकचुक केलं. आत सासूबाईंचा खांदा हलला, हँडब्रेक. गुडघा हलला, क्लच. हात डावीकडे, हात उजवीकडे. आणि मग साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी बॅटरी गरजली, इंजिन उठलं आणि गाडी केसभरही मागे न घसरता चढ चढून पलीकडे गेली.

मास्तरीण एका पायात चप्पल घालून रडत होती आणि कुणी बघत असेल तर खुशाल बघो, असं तिला वाटत होतं.

"एकदा बंद पडली," परीक्षक खाली उतरून म्हणाला.

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "मग मी चालू केली."

मिशांखाली तो हसला बहुतेक. त्याने सही केली.

लायसन्स हातात आलं त्या सकाळी शिकवणीला सुट्टी होती आणि मास्तरीण बाजारात निघायची तयारी करत होती. बाहेर पाहते तर सासूबाई गाडीजवळ उभ्या. इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत बहिणीसाठी गुडघ्याचं तेल. दारात बसलेल्या नव्हत्या. किल्ली त्यांच्या बोटात फिरत होती.

मास्तरीण सवयीने आपल्या पेडलच्या बाजूचं दार उघडायला गेली.

"तिथे नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू मागे बस." आणि मग, मुद्दाम सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "मी बहिणीकडे चाललेय. बोल, तुला कुठे सोडू?"