नवरदेवाला नकार

पक्षीघरातल्या क्रौंचाला सगळे 'नवरदेव' म्हणत, आणि त्याची नवरी म्हणजे त्याला सांभाळणारी ताई. चेष्टाच ती, पण पक्ष्याला चेष्टा कळते थोडीच! अंडं मशीनमध्ये उबवलेलं. डोळे उघडले तेव्हा समोर ताई, घास भरवायला ताई, मग मोठा झाल्यावर त्याने जोडीदारीण ठरवली तीही ताईच. रोज सकाळी ती दिसली की तो मान लववायचा, पंख पसरून उंच उडी घ्यायचा, गवताची काडी तिच्यापुढे भिरकावायचा. आणि ही बया तरी काय कमी? हसत हसत मान लववायची, दोन उड्या मारायची, नि झाडू उचलून पुढच्या पिंजऱ्याकडे चालू लागायची.

त्याचं फळ भोगावं लागलं भलत्याच कुणाला. गेल्या हंगामात त्याच्यासाठी आणलेली मादी त्याने चोचीने टोचून मारली. त्या दिवशी ताईला घास गिळवला नाही.

आता दुसरी मादी आणली होती, आणि आज दोघांच्या पिंजऱ्यांमधलं दार उघडायचं होतं. हिचंही तसंच झालं तर नवरदेवाला जन्मभर एकट्याला कोंडणार, असं पक्षीघराच्या साहेबांनी बजावलं होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी ताईला नीट समजावलं. ती दिसली नाही की तो तिला शोधत जाळीवर डोकं आपटतो, म्हणून बाहेर समोरच उभं राहायचं. तो नाचेल. उत्तर द्यायचं नाही, पाठ फिरवायची.

"त्याला एकदा स्वच्छ 'नाही' कळू दे," ते म्हणाले, आणि मग वेळ पडली तर पक्ष्याला आवरायला घेतलेलं हातातलं जाळं उगाचच झटकायला लागले.

कारण त्यांचंही घोंगडं ताईने भिजतच ठेवलं होतं. त्यांनी लग्नाचं विचारलं, ही म्हणाली बघू. पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. माणूस भला, रोज तिच्या टेबलावर चहा झाकून ठेवणारा. तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटेना, आणि खरं सांगायचं तर तो चहा तिला आवडायचा. हो तरी म्हण नाहीतर नाही तरी म्हण, असं आई कानीकपाळी ओरडत होती, पण ऐकतंय कोण.

दार उघडलं. मादी दबकत आत आली. नवरदेवाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट ताईसमोर आला, मान लववली, उडी घेतली. ताई खांबासारखी उभी. तो गोंधळला. आपलंच काही चुकलं असं वाटून की काय, त्याने सगळा नाच पहिल्यापासून केला, आणि काडी जाळीतून तिच्या बुटांवर टाकली. आणि तिची मान, मेली सवय, जराशी लवली.

झालं! नवरदेव आनंदाने ओरडला, आणि आपल्या दोघांत ही कोण तिसरी म्हणून मादीवर धावून गेला.

"पाठ फिरवा," डॉक्टर म्हणाले.

ती गर्रकन वळली. मागे पंखांची झटापट, जाळीवर काहीतरी आदळलं. वळून बघायची सोय नव्हती. समोर होता फक्त डॉक्टरांचा चेहरा, आत काय चाललंय ते त्याच्यावरच वाचायचं. जाळं त्यांनी अर्धवट उचलून धरलं होतं. झटापट थांबली. नवरदेवाने लांबलचक हाक मारली, रोज ताईला मारायचा तशी. ताईच्या डोळ्यांना धार लागली, पण ती हलली नाही. पुन्हा हाक आली. मग बराच वेळ काहीच नाही. मेली की काय बिचारी? विचारायचं धाडस होईना. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. इतका चहा प्यायली, पण त्या चेहऱ्याकडे एवढा वेळ तिने कधी बघितलंच नव्हतं. तो चेहरा तिच्याकडेच बघत होता, आणि वाट बघून बघून पार दमला होता.

तेवढ्यात मागून दोन हाका एकदमच आल्या, एकीत एक मिसळलेल्या. क्रौंचांची जोडी जमली की अशीच ओरडते.

"जमलं," डॉक्टर म्हणाले. "आता वळलात तरी चालेल."

ती वळली नाही.

"डॉक्टर, मी 'बघू' म्हणत होते ना, ते 'नाही'च होतं. पहिल्यापासून. मला तुमचा चहा आवडायचा, म्हणून बोलले नाही."

ते थोडा वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिले. गाठ नव्हतीच. मग बरं म्हणाले, जाळं खांद्यावर टाकून निघाले. फाटकाशी पोचल्यावर थांबले आणि मागे वळून तिच्याकडे बघत कसंनुसं हसले.

ताईची मान सवयीने लवू लागली. तिने पाठ फिरवली.